ठराव मंजूर झाल्यानंतर

प्रिय,

आमदार म्हणून शिक्षण आणि नागरी हक्क हे दोनच विषय सभागृहात लावून धरायचे, असं तू ठरवलंस. फार बरं वाटलं. तर सुरुवात सीताराम केशव बोले यांच्यापासून कर.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळात, त्यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. सप्टेंबरात सरकारी आदेशही निघाला. खोच त्या आदेशातच होती. सरकारी जागांपुरता खात्यांना हुकूम, पण नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना कलेक्टरमार्फत नुसता सल्ला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला, तरी चवदार तळ्यावर अस्पृश्यांची घागर बुडाली नाही. मग ५ ऑगस्ट १९२६ ला बोल्यांनी दुसरा ठराव आणला: जी संस्था अंमल करणार नाही तिचं अनुदान बंद करा. २० मार्च १९२७ ला आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा ते स्वतः कौन्सिलचे सदस्य होते. ऑगस्टात पालिकेने आपला ठरावच रद्द केला. तळ्याच्या वादावर हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

म्हणून कुठलाही मसुदा हातात आला की त्यात तीन जागा शोध: करायचं कोणी, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर कोणाचा पैसा अडतो. 'विचार करावा', 'प्रयत्न करावेत' असं दिसलं की तिथेच दुरुस्ती सुचव.

तारांकित प्रश्नातही, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नातही, हीच काळजी घे. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के प्रवेशांबद्दल तू विचारलंस, 'अनेक शाळा प्रवेश नाकारतात, हे खरे आहे काय?' तर छापील उत्तर येईल: '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' झालं, विषय तिथेच संपला. 'अनेक' या एका ढिल्या शब्दाने खात्याला वाट मिळाली. तालुका लिही, शैक्षणिक वर्ष लिही, शाळेचा यू-डायस (सरकारी ओळख) क्रमांक आणि नाकारलेल्या अर्जांची संख्या लिही. पालकांकडून अर्जाची पोच घेतल्याशिवाय आकडा लिहू नकोस; एक आकडा चुकला की सगळा प्रश्न खोटा ठरवला जातो. 'हे अंशतः खरे आहे' एवढं आलं तरी उपप्रश्नाला जागा झाली.

आणि मंत्री 'तपासून कारवाई करू' म्हणाले, की कार्यवाहीतलं ते पान त्याच आठवड्यात काढून घे. मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली का, हे तपासणाऱ्या आश्वासन समितीपुढे तेच लागतं.