सासूबाई शिळं टाकूच देत नाहीत, ह्या वयात माणूस बदलतो का?

"मॅडम, स्वभावाला औषध नाही म्हणतात ना, मग आता साठीनंतर काही बदलणारे का?" हा प्रश्न मला समुपदेशनाला आलेल्या सुना विचारतात, मुलगे विचारतात, कधीकधी तर नातवंडं पण. कुणाचे वडील चांगली पेन्शन असून भर उन्हात चालत येतात पण रिक्षा करत नाहीत, कुणाची आई प्रत्येक पिशवी धुवून वाळत घालते, आणि शिळ्या अन्नावरून वाद तर घरोघरी. आज त्यातलीच एका सासू-सुनेची केस लिहितेय, दोघींना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पुण्यातलं घर. सून आयटीत, नवरा फिरतीच्या नोकरीत, मुलगा सात वर्षांचा, सासूबाई चौसष्टच्या, माहेर बीड जिल्ह्यातलं. सून पहिल्यांदा आली तेव्हा खूप थकलेली होती. म्हणाली फ्रीजमध्ये वाट्याच वाट्या, त्यात दोन चमचे आमटी, अर्धी पोळी, चार दिवसांचा भात, आणि आता तर कपाटात साड्यांखाली फडक्यात बांधलेले भाकरीचे तुकडे सापडले, घरात उंदीर झाले. पण ती माझ्याकडे आली त्याचं कारण वेगळंच होतं, मुलानं ताटात भाजी टाकली म्हणून आजीनं त्याला जबरदस्तीनं भरवलं, तो उलटी करून मोकळा झाला, आणि त्या रात्री नवराबायकोचं असं भांडण झालं की "एक तर आई नाहीतर मी" इथपर्यंत गोष्ट गेली.

मी आधी एकच गोष्ट नीट विचारली, हे कधीपासून? कारण साठीनंतर एकदम नव्यानं अन्न लपवणं सुरू झालं तर ते स्मृतिभ्रंशाचं लक्षणही असू शकतं, आणि तिथे गप्पा मारत बसून चालत नाही, डॉक्टर लागतो. इथे सवय जुनी होती, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानांपुढच्या रांगा बघितल्यावर वाढली आणि पुढच्या वर्षी सासरे गेल्यावर हाताबाहेर गेली. तरी तपासण्या करून घेतल्या, स्मरणशक्ती ठणठणीत निघाली.

मग सासूबाई आल्या, नाइलाजानं. मी शिळ्या अन्नाचा विषयच काढला नाही. विचारलं, "मावशी, तुमच्या माहेरी शेतात काय पिकायचं?" पहिल्यांदा ज्वारी, बाजरी, करडई असं सांगत होत्या, आणि मग स्वतःहूनच बहात्तरवर आल्या.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना नुसतं "बहात्तर" म्हटलं तरी पुरतं. विहिरी आटल्या, बैल मिळेल त्या भावाला गेले, आणि स्वतःची जमीन असलेली माणसं सरकारी कामावर खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची आणि कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा गोड खाऊ. मावशी तेव्हा दहा वर्षांच्या. आईबाप कामावर, ही धाकट्या भावाला सांभाळायची. एके दिवशी आईनं भावासाठी सुकडी फडक्यात बांधून दिली. "वाटंनं एक घास खाल्ला ताई, मग दुसरा, घरी आले तवा फडकं रिकामं. त्यो रडत रडत झोपला. म्या कुणाला सांगितलं नाही अजून." पन्नास वर्षं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्याला पण नाही. मी बराच वेळ काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती.

त्या दहा वर्षांच्या पोरीनं त्या दिवशी मनाशी एक नियम केला, घरात कुणी उपाशी राहिलं तर ती माझी चूक. तोच नियम आज फ्लॅटमध्ये, भरलेल्या फ्रीजसमोर चालू आहे. नातवानं भाजी टाकली की सुनेला दिसतो आजीचा राग, पण आत असते ती भीती, आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे तो भाऊ. एसटीतून रिटायर झालाय, त्याला ती रात्र आठवतच नाही, फक्त सुकडी गोड लागायची एवढंच आठवतं. आणि तो एकदम उलटा माणूस, आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, उद्याचं काही शिल्लक ठेवत नाही, म्हणतो आज आहे तर खाऊन घेऊ. एकच घर, एकच दुष्काळ. म्हणून "परिस्थितीनं माणूस असा बनतो" हे अर्धंच खरं वाटतं मला, त्या परिस्थितीतून त्या वयात आपण काय अर्थ काढला त्यावर पुढचं बरंच ठरतं.

भुकेचा परिणाम किती खोल जातो ह्यावर एक जुना प्रयोग आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही माणसं सारखी अन्नाचाच विचार करू लागली, ताटं चाटू लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, नको असलेल्या वस्तू साठवू लागले, आणि पोटभर मिळायला लागल्यावरही ते लगेच थांबलं नाही. हे सुनेला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे आई मुद्दाम नाही करत?"

तिची बाजूही बघायला हवी होती, घरात ती कुणी विचारली नव्हती. हॉस्टेलला असताना मेसच्या खाण्यापाण्यातून तिला कावीळ झाली होती, परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. तेव्हापासून आंबूस वास आला की तिच्या पोटात गोळा येतो. तिचा फेकण्याचा हट्ट सुद्धा अनुभवातूनच आलेला, सासूबाईंना मात्र तो उधळेपणा वाटायचा. दोघींना एकमेकींसमोर बसवून हे एकदा सांगायला लावलं. मिठ्या वगैरे काही मारल्या नाहीत, पण सासूबाई घरी जाऊन विचारत होत्या म्हणे, "तवा लई अशक्तपणा आला व्हता का तुला?"

नवरा इतकी वर्षं समजावत होता, "आई, आता काय दुष्काळ आहे का?" हे वाक्य बरोबर आहे पण उपयोगाचं नाही. जुनी भीती वाद घालून पुसली जात नाही, ती तिथेच राहते, तिच्याशेजारी नवा अनुभव पुन्हापुन्हा यावा लागतो. म्हणून आम्ही टाकायला शिकवण्यापासून सुरुवातच केली नाही, उलट साठवायला हक्काची जागा दिली. किचनमध्ये एक कप्पा फक्त त्यांचा, त्यात शेंगदाणे, गूळ, खारीक, चिवडा, जे टिकतं ते, त्याला कुणी हात लावायचा नाही. वर्षाचे गहू-ज्वारी घेणं, निवडणं, कडुनिंबाचा पाला घालून भरणं हे सगळं त्यांच्याकडे. रोज पीठ किती मळायचं तेही त्यांनीच ठरवायचं, म्हणजे मुळात उरणंच कमी झालं. उरलेल्या पोळीचा सकाळी कुस्करा, त्याच्या पुढचं मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं काढायचं, आठवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या दिवशी आपला कप्पा उघडून बघायचा की भरलेलाच आहे. पहिल्या वेळी हात थरथरत होते त्यांचे. नातवाला जबरदस्ती बंद, त्यानं स्वतः वाढून घ्यायचं, थोडं थोडं. आणि सुकडीची गोष्ट आजीनं त्याला सांगितली, त्यानं विचारलं मग मामाआजोबांनी तुला मारलं का? भावाला फोन लावला तिथल्या तिथे, तो नुसता हसत सुटला.

सगळं सुटलं असं नाही. पर्समध्ये बिस्किटाचा पुडा अजून असतो, आणि पावसानं ओढ दिली, टीव्हीवर टँकरच्या बातम्या आल्या की वाट्या वाढतात. सुनेला आता त्याचं कारण कळतं म्हणून ती चिडत नाही, चिडली तरी लवकर निवते. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे, साठीनंतरही माणूस बदलतो, हळूहळू बदलतो, आणि पूर्ण बदलायची अट घातली नाही तर जास्त बदलतो.

तुमच्या घरी असं काही असेल तर "असं का करता" विचारण्याआधी "लहानपणी तुमच्याकडे कसं होतं" हे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वागणं अचानक बदललं असेल, त्यासोबत नावं-रस्ते विसरणं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. जवळ समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फोन कधीही करता येतो, मराठीतून बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.