नागपूरचा नातू भारताकडून खेळेल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो, आता तिथलाच नागरिक आहे. त्याचा मुलगा तिकडेच जन्मला, १७ वर्षांचा आहे, क्लबच्या युवा फुटबॉल संघात विंगर खेळतो. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड लहानपणीच काढलंय. त्याला भारताकडून खेळायचंय. ओसीआय चालतं नं?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नाही चालत. त्या कार्डाच्या नावातला ‘सिटिझन’ हा शब्द फसवा आहे. कार्डावर तुमचा पुतण्या इथे हवा तितका राहू शकतो, पण तो भारताचा नागरिक ठरत नाही. भारताच्या राष्ट्रीय संघासाठी भारतीय पासपोर्टच लागतो आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे त्याला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडावं लागेल.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ मध्ये त्याच्यासाठी दोन वाटा आहेत. आई किंवा वडील पूर्वी भारताचे नागरिक होते, ही पहिली. ओसीआय कार्डाला ५ वर्षं झाली, ही दुसरी. दोन्हींत अर्जदार सज्ञान हवा आणि अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने त्याचं वास्तव्य भारतात हवं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. मुलगा सुट्टीत किंवा चाचणीसाठी दोन-अडीच महिने मेलबर्नला जाऊन येतो आणि वर्ष भरत नाही. खास परिस्थितीत सरकार सूट देऊ शकतं, पण सगळे खंड मिळून ३० दिवसांपर्यंतच.

मग १७व्या वर्षीच आणावं का? विचार चांगला, पण अडचण वेगळीच. १८ वर्षांखालच्या खेळाडूने दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाण्याला फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, मनाई आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने सोबत राहायला आले, तर सूट मिळू शकते. काका-काकूंकडे राहायला आला, हे कारण पुरत नाही. म्हणजे त्या वर्षात नागपुरात सराव होईल, क्लबची नोंदणी अडेल. ऐन १७-१८च्या वयात स्पर्धात्मक सामने बुडवण्यापेक्षा १८ पूर्ण करून आलेलं बरं, असं आमचं मत.

कागदांचा क्रमही सांभाळा. आधी भारताकडून स्वीकृतीचं पत्र, मग ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा, शेवटी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट. उत्साहात उलटं करू नका.

फिफाची बाजू मात्र सोपी आहे. नवं नागरिकत्व घेणाऱ्याचा त्या देशाशी दुवा लागतो : स्वतःचा जन्म, आई-वडिलांपैकी एकाचा जन्म, आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म, नाहीतर ठरावीक वर्षांचं वास्तव्य. वडील नागपूरचे, म्हणजे दुवा जुळला.

प्रश्न : तीन सामन्यांपर्यंत देश बदलता येतो म्हणे. मग परदेशातल्या आपल्या पोरांनी आधी तिकडे नशीब अजमावून मग इकडे यायला काय हरकत आहे?
– एक वाचक, कामठी

उत्तर : हरकत आहे, आणि ती भारतीयांनाच जास्त नडते.

आधी मूळ नियम. वरिष्ठ संघाकडून मैत्रीपूर्ण सामना खेळला म्हणून खेळाडू त्या देशाशी बांधला जात नाही. अधिकृत स्पर्धेतल्या सामन्याने बांधला जातो, मग एकच मिनिट का मैदानात असेना. नुसतं बाकावर बसणं धरत नाहीत. डिएगो कोस्टा ब्राझीलकडून दोन सामने खेळून स्पेनचा झाला, डेक्लन राइस आयर्लंडकडून तीन खेळून इंग्लंडचा. सगळे सामने मैत्रीपूर्ण होते. उलट मुनीर अल हद्दादी सप्टेंबर २०१४ मध्ये युरो पात्रता सामन्यात स्पेनकडून जेमतेम १३ मिनिटं खेळला, आणि तेवढ्यावरून २०१८च्या विश्वचषकात त्याला मोरोक्कोकडून उतरता आलं नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये फिफाने सवलत दिली, तिलाच लोक ‘तीन सामन्यांचा नियम’ म्हणतात. पण अटी बऱ्याच आहेत. वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने नकोत, आणि ह्या मोजणीत मैत्रीपूर्ण सामनेही येतात. तीन मैत्रीपूर्ण आणि एक पात्रता सामना म्हणजे चार, मुलगा कायमचा अडकला. जुन्या संघाकडून शेवटचा अधिकृत सामना वयाची २१ वर्षं पूर्ण होण्याआधीचा हवा. वरिष्ठ संघाच्या शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली हवीत. विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेची मुख्य फेरी (पात्रता फेरी नव्हे) खेळलेली नको.

आणि खरी मेख : पहिला अधिकृत सामना खेळला तेव्हा नव्या देशाचं नागरिकत्व आधीपासून हातात हवं. मुनीरसारख्या दोन पासपोर्टवाल्याला ते जमतं. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट घेऊन खेळणाऱ्या मराठी पोराकडे त्या दिवशी भारताचं नागरिकत्व असूच शकत नाही. त्यामुळे वरिष्ठ संघाचा एक पात्रता सामना झाला की त्याच्यापुरती ही सवलत संपली.

१७ किंवा २० वर्षांखालच्या संघाकडून अधिकृत सामने झाले असतील, तर मात्र आशा आहे. तिथे आधीच्या नागरिकत्वाची अट नाही. शेवटचा सामना २१च्या आतला आणि वर सांगितलेला दुवा असला की अर्ज करता येतो. आणि वरिष्ठ संघाचा मैत्रीपूर्ण सामना आड येत नाही, ह्यासाठी रायन विल्यम्सचं उदाहरण घ्या. आई मुंबईची, ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून एकच सामना, तोही २०१९चा मैत्रीपूर्ण. म्हणून २०२५ मध्ये पासपोर्ट बदलून भारताची वाट धरणं त्याला शक्य झालं.

बदल एकदाच मिळतो. आणि अर्ज केल्यापासून निकालापर्यंत कोणत्याच देशाकडून खेळता येत नाही, तेव्हा महत्त्वाच्या मालिकेच्या तोंडावर अर्ज टाकू नये.

प्रश्न : आजोबांचा जन्म नागपूरच्या महाल भागातला, १९३०च्या दशकातला. जन्मनोंद सापडत नाही. आता दाखला काढून घेतला तर चालेल?
– एक वाचक, महाल

उत्तर : आधी महापालिकेच्या जुन्या जन्म रजिस्टरमध्ये शोध घेण्याचा अर्ज द्या. घरातलं हाक मारायचं नाव, वडिलांचं नाव, आडनावाचं वेगळं स्पेलिंग अशा सगळ्या शक्यता लिहा. जुन्या नोंदीत कित्येकदा बाळाचं नावच नसतं, ‘मुलगा’ एवढंच असतं. नोंद नसेलच, तर उशिराची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होते. सोबत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि सेवापुस्तक जोडा, मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. पण नुकत्याच काढलेल्या दाखल्याकडे फिफा संशयाने पाहणारच. २०२५ मध्ये मलेशियाच्या सात खेळाडूंचे आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे कागद सादर झाले होते. फिफाने मूळ नोंदी मिळवल्या तेव्हा ते जन्म अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्समधले निघाले. फिफाने मलेशियाच्या संघटनेला ३,५०,००० स्विस फ्रँक दंड आणि खेळाडूंना १२ महिन्यांची बंदी सुनावली. जन्म खरोखर भंडाऱ्याला किंवा वर्ध्याला झाला असेल तर तसंच लिहा. फिफाला भारतातला जन्म पुरतो, महालच हवा असं नाही.

एक लक्षात घ्या : आजोबांमुळे फिफाचा दुवा जुळतो, पासपोर्ट मिळत नाही. आई-वडील कधीच भारताचे नागरिक नसतील, तर ५ वर्षं जुन्या ओसीआयचीच वाट घ्यावी लागेल.

प्रश्न : आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) पाच वर्षं खेळलेला ब्राझीलचा खेळाडू आपल्याकडून का खेळत नाही?
– एक वाचक, धंतोली

उत्तर : पाच वर्षांच्या वास्तव्याने फिफाची अट भरते, नागरिकत्वाची नाही. भारतीय वंशाचा नसलेल्याला नैसर्गिकीकरणासाठी, म्हणजे वास्तव्यावरून नागरिकत्व मिळवण्यासाठी, साधारण १२ वर्षं इथे काढावी लागतात. तोवर त्याचे गुडघे बोलायला लागलेले असतात.