‘माझं इंग्लिशच कच्चं आहे, जर्मन कसं जमणार?’

२०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंग झालेली मुलंमुली जर्मनचं टेन्शन घेऊनसुद्धा माझ्याकडे समुपदेशनाला यायला लागलीत. त्यातलीच एक, स्नेहा म्हणूया तिला, नाव-गाव बदललंय.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, बारावीपर्यंत मराठी मीडियम, नाईट ड्युट्या सांभाळून ए-वनचा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीचा ऑनलाइन क्लास लावलेला. बॅचमध्ये बाकी सगळे इंजिनियर, सर शिकवणार इंग्लिशमधून, त्यामुळे ही कॅमेरा बंद करून बसायची आणि नंतर नंतर तर लॉगिनच करेना. घरी मात्र ‘क्लास मस्त चाललाय’, कारण फी भावाने भरलेली. मला म्हणाली, ‘मॅडम, मला इंग्लिशच धड येत नाही, हे काय येणार, मी ढच आहे.’

झोप, जेवण, ड्युटीवर लक्ष लागतं का हे आधी विचारून घेतलं. ते ठीक होतं. म्हणजे प्रश्न चारचौघांत चुकायच्या लाजेचा होता, आणि थोडा पद्धतीचा. म्हटलं वही दाखव.

वहीत फेन्स्टर म्हणजे ‘विंडो’, आणि त्याच्यापुढे बारीक पेन्सिलीने ‘खिडकी’. अख्खी वही अशी! म्हणजे प्रत्येक शब्दाला ही बाई आधी इंग्लंडला जाऊन मग जर्मनीला जाणार. आपल्याकडे इंग्लिश आलं म्हणजे डोकं आहे असा एक विचित्र हिशोब आहे, त्याचाच हा परिणाम. मी बऱ्याच वर्षांपूर्वी थोडं जर्मन शिकलेय, तेवढ्यावर तिला म्हटलं, इंग्लिश मधून काढूनच टाक, सरळ मराठीत लिही.

आकडेच बघा. ४५ म्हणजे फ्युन्फउंडफिर्त्सिश, पाच आधी चाळीस नंतर, आपल्या पंचेचाळीसमध्ये पण पाच आधीच येतो. इंग्लिशवाले इथे अडखळतात, हिला दोन मिनिटांत पटलं. पुढे ए-टूला, म्हणजे दुसऱ्या पायरीला ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ लावून वाक्य येतं, वाइल इश इन डॉइचलांड आर्बायटन विल, कारण मला जर्मनीत काम करायचंय, क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. फक्त साध्या वाक्यात ते कायम दुसऱ्या नंबरवर, एवढं घोटून घ्यायचं.

लिंगाचं मात्र जपून. शब्दाआधी लागणारी डेअर, डी, डास अशी तीन आर्टिकल आहेत आणि तो-ती-ते ची सवय असल्याने आपल्याला तीनची भीती वाटत नाही, पण जुळवायला जाऊ नका. आपली खुर्ची ती, त्यांची ‘डेअर श्टूल’, आपलं दार ते, त्यांचं ‘डी ट्युअर’. म्हणून शब्द कधीच एकटा लिहायचा नाही, आर्टिकल आणि अनेकवचनासकटच लिहायचा आणि मोठ्याने म्हणायचा. थोडी सूट मिळते, शेवटी ‘-उंग’ प्रत्यय असला की डी, म्हणजे लसीकरण ‘डी इम्फुंग’, तपासणी ‘डी उंटरझूखुंग’, नर्सला हे शब्द रोजचेच.

आणि एक जागा जिथे मराठी माणूस हमखास आपटतो. ‘हाल्प द्राय’ ऐकलं की अर्धा आणि तीन, झालं साडेतीन! नाही, ते अडीच असतं, तीनच्या अर्धा तास आधी. वॉर्डात औषधाची वेळ चुकेल ना बाई, म्हटल्यावर ते तिच्या डोक्यात असं बसलं की विचारू नका.

लाजेसाठी वेगळं काम दिलं. ड्युटीवरून येताना दोन वाक्यं जर्मनमध्ये व्हॉइस नोट करायची, तीही बॅचमधल्या एकाच मैत्रिणीला, चुका न सुधारता. ते अंगवळणी पडल्यावर क्लासमध्ये कागदावर लिहून एकच प्रश्न विचारायचा, कॅमेरा चालू ठेवून. ऐकायला डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ऑनलाइन कोर्स, फुकट आहे, ए-वनपासून बी-वनपर्यंत आहे, उगाच दहा अ‍ॅप डाउनलोड करत बसू नका. आणि भावाला खरं सांगणं, हे तिने स्वतःच ठरवलं, भाऊ चिडला थोडा, मग म्हणाला पुढच्या आठवड्यापासून परत बस.

परीक्षेची धास्ती होतीच. गोएथे ही जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी संस्था, तिच्या ए-वनला वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क, पास व्हायला एकूण ६०. बोलण्यात आधी स्वतःची ओळख, मग एखादा शब्द स्पेलिंग करायला आणि एखादा नंबर सांगायला लावतात. तिथे इंग्लिशची सवय नडते, कारण जर्मनमध्ये ए चा उच्चार आ, ई चा ए आणि आय चा ई. आपलं नाव, आडनाव, गाव आरशासमोर घोकायचं.

पास झाली. लिहिण्यात मार्क कमी पडले, आता ए-टू चालू आहे, नाईट असली की कॅमेरा अजून बंदच असतो, असू दे. परवा फोन आला की एक एजंट तीन महिन्यांत बी-टू ची गॅरंटी देतोय, पैसे भरू का? तिकडे नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारण बी-टू, म्हणजे ए-वनपासून चौथी पायरी लागते हे खरं, पण नुसत्या ए-वनलाच गोएथेवाले ८० ते २०० तास धरतात, ४५ मिनिटांचा एक. म्हटलं, एक पैसा देण्याआधी हे गणित त्यालाच करून दाखवायला सांग, आणि तुझ्या ड्युट्यांचं वेळापत्रक समोर ठेव.