रूळ आधी, इंजिन नंतर

दोन अंकांपूर्वी घरात रूळ मांडून चालवायच्या छोट्या रेल्वेबद्दल लिहिलं, तेव्हापासून बरीच पत्रं आली. त्यातली चार निवडली आहेत. कारण तीच अडचण आणखी कितीतरी घरांत असणार.

प्रश्न : मुलाला वाढदिवसाला एचओ मापाची गाडी घेतली. उन्हाळ्यात छान पळत होती. जुलैपासून दोन हात जाते आणि थांबते, बोटानं ढकललं की पुन्हा पळते. दुरुस्तीवाला म्हणाला, मोटार गेली, बदलावी लागेल. बदलू का?
— एक आई, राजारामपुरी

ताई, एवढ्यात बदलू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं मोटारी भरल्या, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळली, त्या भरवशावर सांगतो. पूर्ण जळालेली मोटार ढकलून पळत नाही. तुमची मोटार बहुधा शाबूत आहे, तिच्यापर्यंत वीज पोचत नाही, एवढंच.

एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी गाडी. तिला १२ व्होल्टचा डीसी करंट रुळांतून मिळतो. एका रुळातून येतो, चाकातून मोटारीत जातो आणि दुसऱ्या रुळातून परत फिरतो. चाक रुळाला टेकतं ती जागा मोहरीच्या दाण्याएवढीही नसते. तिथं तेलकट धूळ बसली की संपलं. आपल्याकडचा जुलै कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. हवा ओली असली की धूळ उडत नाही, चिकटून बसते. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून रुळावरून फिरवा. काळी रेघ उमटली तर रोग सापडला.

मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. प्लायचा एक तुकडा घ्या, त्याला जुन्या धोतराचं कापड गुंडाळा, चार थेंब टाका आणि रूळ पुसा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास निरंजन, उदबत्ती नको, कारण ते पेट घेतं. पॉलिश पेपर मात्र हातात घेऊ नका. त्यानं रूळ त्या दिवशी चकचकीत दिसतात, पण बारीक ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्या ओरखड्यांतच घर करते.

मग चाकं. तीच तर विसरली जातात. कागदी रुमालाला थोडं अल्कोहोल लावून तो रुळांवर आडवा टाका. इंजिनाची पुढची चाकं कागदावर आणि मागची रुळावर ठेवा. इंजिन हातानं धरून गाडी चालू करा. मागच्या चाकांतून करंट मिळतो आणि पुढची चाकं कागदावर जागच्या जागी फिरतात. कागदावर दोन काळ्या पट्ट्या उमटतील. मग इंजिनाचं तोंड फिरवून मागची चाकं करा. मुलालाच करू द्या हे, तुम्ही शेजारी बसा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा पुरतं.

एवढं करूनही गाडी लांबच्या कोपऱ्यातच मंदावत असेल, तर दोष रुळांच्या जोडांत आहे. मोटारसायकलच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब घ्या. आधी कंट्रोलरजवळ, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या डबीजवळ, रुळांना लावा, मग त्या कोपऱ्यात लावा. तिथं उजेड कमी पडला, तर वीज वाटेतल्या जोडांत अडते आहे. फळीखालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन वायरी फिरवा, एक लाल, एक काळी. दर तीन फुटांवर त्यांतून बारीक वायर काढून लालची एका रुळाला, काळीची दुसऱ्या रुळाला डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. डाग रुळाच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला दिला तर चाकाची कड त्यावर आपटते.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. सहा बाय चार फुटांच्या प्लायवर एचओचा ट्रॅक टाकलाय. गाडी एक फेरी मारून स्वतःच्याच रुळावरून पुलानं जावी असं करायचं आहे. चढावर इंजिन घसरतं आणि उतारावर डबे पडतात. काय चुकतंय?
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

पोरा, तुझं चुकत नाही, फळी लहान पडते. हिशेब करून बघ. खालून गाडी जायची तर वरचा रूळ निदान ८ सेंटिमीटर उचलायला हवा. चार-पाच डब्यांची गाडी नीट ओढायची तर मीटरला २ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढ देऊ नये. म्हणजे ८ सेंटिमीटरला ४ मीटर चढ, आणि उतरायला आणखी ४ मीटर. तुझ्या फळीवर कडेनं टाकलेला अख्खा फेरा भरतो साडेचार मीटरच्या आसपास. तू ते सगळं निम्म्यात बसवलंस, म्हणून इंजिन घसरतं.

पण पूल सोडू नकोस. गाडी वर चढवण्याऐवजी जमीन खाली उतरव. रूळ सपाटच राहू दे. प्लायला मध्ये आडवा चर काप, त्याखाली सहा इंचांवर दुसरी फळी ठोक आणि तिथं नदी कर. रुकडीजवळ पंचगंगेवरून रेल्वे जाते तिथं एकदा सायकलनं जा आणि बघ. गाडी कुठं चढत नाही, नदीच खाली आहे.

डबे पडतात त्याचं दुसरं कारण चाकांचं अंतर असू शकतं. व्हर्नियर कॅलिपर घे. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास हवं. कमी-जास्त असलेलं चाक सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथं, हटकून पडतं. आणि उजवं वळण संपताच डावं सुरू करू नकोस, मध्ये एका डब्याएवढा तरी सरळ रूळ असू दे.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवणार असशील तर जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोड. पहाटे आणि दुपारी तिथं वीस अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यानं ३ मीटर रूळ १ मिलिमीटर वाढतो. फट नसेल तर मेमध्ये रूळ उचलून येईल.

प्रश्न : नातवाच्या इंजिनात खोबरेल तेल घातलं. डिसेंबरमध्ये ते अडकून बसलं.
— एक आजोबा, जयसिंगपूर

आजोबा, हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसंच ते गिअरमध्ये थिजलं. वरचं कवच काढा, गिअर जुन्या टूथब्रशनं आणि अल्कोहोलनं धुऊन कोरडे करा. मग प्लास्टिकला चालणारं पातळ तेल सुईच्या टोकानं लावा, जागेला एक थेंब. जास्त घातलं की ते रुळावर येतं आणि राजारामपुरीच्या ताईंसारखी गत होते. चाकांना रबराच्या रिंगा असतील तर तिथं तेल लागू देऊ नका, त्या फुगतात.

प्रश्न : मला जुनी मीटरगेजची कोल्हापूर–मिरज लाइन करायची आहे. कुठलं माप घेऊ? आणि रुळाखाली नदीची वाळू चालेल का?
— एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. कोल्हापूर संस्थानानं १८९१ साली सुरू केलेली लाइन आज कुणी घरात उभी करतो म्हणतो! ब्रॉडगेज व्हायला १९७१ साल उजाडलं, तोवर ऐंशी वर्षं ती मीटरगेजवर चालली.

एचओचं माप १ ला ८७. एक मीटरचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, त्यात साडेअकरा मिलिमीटर भरतं. परदेशात या मापाला १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, स्विस डोंगरी गाड्यांसाठी बनवतात ते. तुम्हाला तेच घ्यावे लागतील. एचओचे नेहमीचे साडेसोळा मिलिमीटरचे रूळ घेऊ नका, मीटरगेजची सगळी शोभा जाते. मात्र पूर्ण लाइनचा विचार सोडा. सुमारे ४७ किलोमीटर मार्ग, त्याला ८७ नं भागलं तरी अर्ध्या किलोमीटरच्या वर जातो. एक स्टेशन, एक पूल आणि उसाचा एक फड, एवढं मनापासून करा. फडासाठी झाडूच्या काड्या हिरव्या रंगवून बघा, छान दिसतात. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तेही एकदा पाहून या.

आता वाळू. पहिल्या मांडणीला मी पंचगंगेची वाळू चाळून टाकली होती. रंग अगदी खरा दिसत होता. तिसऱ्या दिवशी इंजिन कुरकुरायला लागलं. उघडलं तर मोटारीच्या चुंबकाला मिशीसारखी काळी कणी चिकटलेली. आपला दगड काळा, त्यात लोहाचं खनिज असतं आणि झिजून ते वाळूत उतरतं. मोटारींत आयुष्य गेलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. ते इंजिन परत पहिल्यासारखं चाललं नाही.

वाळू वापरा, पण आधी धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि ताटात पातळ पसरा. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवा. काळी भुकटी उडून पिशवीला चिकटेल. पिशवी ताटापासून लांब नेऊन उलटी करा, चुंबक सुटतो आणि भुकटी खाली पडते. पिशवी स्वच्छ येईपर्यंत फिरवत राहा, मला सात-आठ वेळा लागतात. मग वाळू स्लीपरांमध्ये, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, रंगाच्या ब्रशनं बसवा आणि वरून पाण्याचा फवारा मारा. फेविकॉल अर्धा, पाणी अर्धं आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरनं सोडा. लिक्विड नसेल तर गोंद वाळूवर थेंबाथेंबानं उभा राहतो, आत मुरत नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ मात्र एक थेंबही जाऊ देऊ नका. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, तोवर गाडी सोडू नका.