सिंधूचं पाणी ‘बंद’ करायचं म्हणजे नेमकं काय?

पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने पाकिस्तानशी १९६० मध्ये झालेला सिंधू जल करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : करार रद्द झाला ना?

नाही. स्थगित आहे.

प्रश्न : असा एकतर्फी स्थगित ठेवता येतो का?

१९६० च्या मजकुरात ‘स्थगिती’ची तरतूदच नाही. बाराव्या कलमानुसार दोन्ही सरकारं नवा करार करून हा संपवत नाहीत, तोवर तो चालू राहतो. सीमेपलीकडचा दहशतवाद थांबेपर्यंत स्थगिती राहील, अशी भारताची भूमिका आहे. यात कोणाची बाजू टिकेल हे मी सांगणार नाही. मी पाण्याचा माणूस आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जाणकाराला विचारा, आणि त्याआधी मूळ करार स्वतः वाचा. वाद घालणाऱ्या बहुतेकांनी तो उघडलेलाही नसतो.

प्रश्न : आता तरी रावी, बियास आणि सतलजचं पाणी आपल्याला पूर्ण वापरता येईल का?

ते १९६० च्या करारानेच आपलं आहे. रावीवरचं शाहपूरकंडी धरण पंजाब आणि जम्मू-काश्मीर यांच्या वादात वर्षानुवर्षं रखडलं. त्याचं खापर शेजाऱ्यावर कसं फोडणार?

प्रश्न : मोबाइलवर चिनाबच्या कोरड्या पात्राचा व्हिडिओ आला आहे. म्हणजे पाणी बंद झालं ना? कायमचं का करत नाही?

या प्रश्नाला जरा वेळ द्यावा लागेल.

सिंधू, झेलम आणि चिनाब या, करारात मुख्यतः पाकिस्तानच्या वाट्याला गेलेल्या, तीन पश्चिमी नद्यांमधून वर्षाला साधारण १३.५ कोटी एकर-फूट पाणी वाहतं असं धरतात. आपल्या टीएमसीत (अब्ज घनफुटांत) ते ५,८०० च्या पुढे जातं. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे पन्नासहून जास्त कोयना झाल्या. या नद्यांवर भारताला करारानुसार जास्तीत जास्त ३६ लाख एकर-फूट साठा करता येतो. तो झाला सुमारे १५७ टीएमसी, म्हणजे दीड कोयना. वर्षाच्या प्रवाहाशी तुलना केली तर जेमतेम दहा दिवसांचं पाणी, आणि तेवढीही साठवण आपण बांधलेली नाही. मग उरलेलं पाणी ठेवणार कुठे? वळवायचं तर हिमालय फोडून बोगदे आणि कालवे काढावे लागतील. ते काम वर्षांचं नाही, दशकांचं आहे.

मग व्हिडिओ खोटा का? तसंही नाही. मे २०२५ मध्ये चिनाबवरच्या बगलिहार आणि सलाल धरणांचे दरवाजे बंद झाल्यावर खालचं पात्र खरंच उघडं पडलं होतं. पण बगलिहारचा वीजनिर्मितीतल्या रोजच्या चढउतारासाठीचा साठा सव्वातीन कोटी घनमीटरच्या आसपास आहे. हिवाळ्यातला प्रवाह उदाहरणादाखल सेकंदाला २०० घनमीटर धरा, दोन दिवसांत तो भरतो. तिसऱ्या दिवशी पाणी सोडावंच लागतं. व्हिडिओ पहिल्या दिवसाचाच फिरतो. तिसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन कोणी जात नाही.

माझी खरी काळजी पुढेच आहे. नदीचं भांडण वर्षाच्या बेरजेवर होत नाही, ते महिन्यावर होतं. या नद्यांचं बहुतेक पाणी उन्हाळ्यात बर्फ वितळून आणि मग पावसात येतं. जुलैत चार दिवस पाणी अडवलं तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, खाली पाकिस्तानच्या पंजाबात गहू पेरत असताना, चिनाबवरच्या तिथल्या मराला बंधाऱ्याशी दोन दिवस प्रवाह तुटला आणि तिसऱ्या दिवशी एकदम लोंढा आला तर पेरणी चुकते. एकूण पाणी तेवढंच राहतं आणि नुकसान मात्र होतं. म्हणून तर साठा पावसाळ्यातच भरावा, असं करारात बारकाईने लिहिलं आहे. ‘किती पाणी’ हे विचारण्याआधी ‘कोणत्या महिन्यात’ हे विचारा. आणि उत्तर जलविज्ञानाच्या अभ्यासकाकडून घ्या, फॉरवर्डमधून नको.

प्रश्न : सिंधूचं पाणी कालव्याने राजस्थानात येणार म्हणून एक दलाल जमीन घ्या म्हणतो. घेऊ का?

थांबा. दलालाकडे कालव्याची मंजूर आखणी आणि भूसंपादनाची अधिसूचना मागा. नुसता रंगीत नकाशा दाखवला तर उठून या. इंदिरा गांधी कालव्याला आजही सतलज-बियासचंच पाणी हरिके बंधाऱ्यावरून मिळतं. त्या पाण्यावर कोणाचा किती हक्क, हे राज्याच्या जलसंपदा विभागात विचारा. पैसे देण्याआधी वकिलाला कागद दाखवा, आणि वकील दलालाने सुचवलेला नसावा.

प्रश्न : प्रबंधासाठी चिनाबचा दैनंदिन प्रवाह कुठून उतरवून घेता येईल?

कुठूनच नाही. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यांची आकडेवारी गोपनीय वर्गात मोडते. मार्गदर्शकांमार्फत रीतसर अर्ज करा. विकत मिळणाऱ्या ‘डेटा’च्या फायली घेऊ नका.

प्रश्न : गंगेच्या कराराची मुदत संपते म्हणजे बांगलादेशचं पाणी थांबतं का?

१२ डिसेंबर १९९६ चा हा करार तीस वर्षांचा आहे, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. इथेही मुद्दा महिन्याचाच आहे. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याशी होणारी वाटणी फक्त १ जानेवारी ते ३१ मे या काळासाठी आहे. प्रवाह ७०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या दिवसांत दोघांना दहा-दहा दिवस आळीपाळीने ३५,००० क्युसेकची हमी. फराक्का बांधला कोलकाता बंदरातला गाळ हलवायला, पाणी हवं दोघांनाही, आणि मार्चमध्ये ते नदीतच कमी असतं. करार असो-नसो, बंधाऱ्याचे दरवाजे रोज कोणीतरी चालवणारच आहे. तो कोणत्या तक्त्यावर चालवणार, एवढाच प्रश्न आहे.

प्रश्न : आणि तिस्ता?

तिस्ता नदीच्या बांगलादेशबरोबरच्या वाटणीचा २०११ मध्ये मसुदा तयार होता, पश्चिम बंगालच्या विरोधाने सही झाली नाही. तेव्हापासून हे पत्रही येतंच आहे.

प्रश्न : चीन ब्रह्मपुत्रा अडवणार, आसाम कोरडा पडणार का?

कोरडा पडणार नाही. भारतातल्या ब्रह्मपुत्रेचं बहुतेक पाणी तिबेटच्या खाली, आपल्या पावसातून आणि उपनद्यांतून येतं. मला भीती वाटते ती वरून अचानक सुटणाऱ्या पाण्याची आणि न मिळणाऱ्या आकड्यांची. चीनशी पाणीवाटपाचा करार नाही. पुराच्या आकडेवारीची समजूत होती, तरी २०१७ मध्ये, डोकलामला दोन्ही सैन्यं समोरासमोर होती त्या वर्षी, ती आकडेवारी आलीच नाही. तुम्ही नदीकाठी राहत असाल तर केंद्रीय जल आयोगाचा पूर-अंदाज रोज पाहा आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक आजच लिहून ठेवा.