निर्णय तुमचे, जबाबदारी मात्र त्याची?

पत्र (थोडक्यात) : मी परभणी जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. मुलगा २० वर्षांचा आहे. बारावीनंतर दोन वर्षे लातूरला राहून त्याने वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी केली. दुसऱ्या वर्षी तो अभ्यासिकेत बसून ऑनलाइन सराव परीक्षा देत होता. ‘७२०पैकी ५२० पडतात’ असे तो सहा महिने सांगत राहिला. प्रत्यक्षात ३५०च्या आसपास पडत होते, हे निकालानंतर कळले. त्याचे वेळापत्रक मी आखतो, अर्ज मी भरतो, ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. तरी त्याला जबाबदारीची जाणीव नाही. तिसऱ्यांदा रिपीट करावे, की बीएएमएस (आयुर्वेद), फार्मसी, नर्सिंग यांपैकी काही घ्यावे? एकदा एमबीबीएसला लागला की बाकी सगळे आपोआप मार्गी लागेल, असे मला वाटते. मुलाचेही हेच मत आहे.

उत्तर :

नमस्कार सर,

तुमच्या पत्रातले गुण पाहून मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती त्यातल्या शेवटच्या वाक्याची. इतक्या तपशीलवार पत्रात तुमच्या मुलाच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, आणि तेही तुम्हीच लिहिले आहे. त्याला कोणता विषय मनापासून आवडतो, आजारी माणसाजवळ बसणे त्याला जमते का, घरापासून दूर काढलेली दोन वर्षे त्याला कशी गेली, यांबद्दल एक ओळही नाही. शिक्षकाच्या पगारातून तुम्ही हा खर्च कसा भागवला असेल, याची मला कल्पना आहे आणि तुमच्या हेतूबद्दल तिळमात्र शंका नाही. पण हे पत्र तुमच्या मुलाविषयीचे कमी आणि तुम्ही त्याच्यासाठी केलेल्या कामांविषयीचे अधिक आहे.

त्याने गुण खोटे सांगितले, याचा तुम्हाला संताप आला आहे आणि तो रास्त आहे. मात्र क्षणभर त्याच्या जागी बसून पाहा. सराव परीक्षेचे गुण हे खरे तर विद्यार्थ्याने स्वतःच्या चुका शोधण्यासाठी असतात : जीवशास्त्रात वाचन कमी पडले, की भौतिकशास्त्राच्या गणितांत वेळ गेला, हे त्यातून कळावे. तुमच्या घरी ते गुण दर आठवड्याला वडिलांपुढे हजर करायची वस्तू झाले. मग तो आकडा सुधारण्यापेक्षा फोनवर ऐकायला बरा वाटेल असा करणे त्याला सोपे गेले. ज्या अभ्यासाचे शहर, खोली, उठण्याची वेळ आणि पुस्तकांचा क्रम दुसऱ्याने ठरवला, त्यातले अपयशही त्याला दुसऱ्याचेच वाटत असेल, तर त्यात नवल नाही. जबाबदारीची जाणीव आली की निर्णय त्याच्यावर सोपवू, असे पुष्कळ पालक म्हणतात. तो क्रम उलटा आहे. स्वतः घेतलेला निर्णय चुकला, त्याचे परिणाम स्वतः निस्तरले, त्यातून पुन्हा उभे राहिले, तेव्हाच ती जाणीव येते. तुम्ही निर्णय स्वतःकडे ठेवता आणि जाणीव मात्र त्याच्याकडून मागता, हे मला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

एमबीबीएसला लागल्यावर सगळे आपोआप मार्गी लागेल, हा समज तर मुळातून काढून टाका. ती साडेचार वर्षे आणि त्यानंतरची एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत पार करावी लागते आणि संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांत पूर्ण व्हावा लागतो. म्हणजे ढकलत नेण्याची सोय तिथेही नाही. आंतरवासितेत रात्री वॉर्डात रुग्णाचा रक्तदाब न मोजताच तक्त्यावर आकडा लिहून टाकण्याचा मोह होतो, आणि त्या वेळी शेजारी वडील नसतात. ज्याला ३५०चे ५२० सांगण्याची सवय लागली आहे, त्याने तो तक्ता खरा भरावा, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे, पण महाविद्यालय शिकवू शकते, माणसाच्या वतीने प्रामाणिक होऊ शकत नाही.

पर्यायांविषयी : नीटला प्रयत्नांची किंवा कमाल वयाची मर्यादा नाही, बीएएमएसचा प्रवेशही नीटमधूनच होतो, बी. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि बी.एस्सी. नर्सिंगसाठी वेगळी सीईटी आहे. यांतले काय घ्यावे, हे मी तुम्हाला सांगणार नाही.

पुढचा मजकूर कृपया त्याला वाचायला द्या.

तुझ्यावर दडपण होते, हे मला मान्य आहे. तरी ते सहा महिन्यांचे खोटे तुझे आहे. ते वडिलांनी बोलायला लावले नव्हते. फोनवर ‘हो, चांगले पडले’ म्हणून वेळ मारून नेताना तू दर वेळी एक निर्णय घेत होतास आणि त्या निर्णयांतून तू कोणत्या प्रकारचा माणूस होणार, हेही घडत होते. वडिलांना दोष देऊन तुला सहानुभूती मिळेल, पण त्या खोट्यातून सुटका मिळणार नाही. आधी जुन्या सराव परीक्षा काढ, खरे गुण आणि चुका एका वहीत लिही आणि ती वही वडिलांसमोर बसून स्वतः वाचून दाखव. त्यानंतर एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, फार्मसीच्या एखाद्या महाविद्यालयात स्वतः जा, तिथल्या लोकांशी बोल. तिसऱ्यांदा नीट द्यायची असेल, तर या वर्षी नेमके काय वेगळे करणार, ते लिहून काढ. लिहिता आले नाही, तर तो प्रयत्न करू नकोस. झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र यातले काहीही आधी करू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर, तो मोफत आहे, आणि घरीही सांग.

सर, अर्जातला मोबाइल क्रमांक त्याचा करा, पासवर्ड त्याच्या हाती द्या आणि तो वही वाचत असताना मध्ये बोलू नका. शेवटची तारीख त्याने चुकवली, तरी तो अर्ज तुम्ही भरू नका. एक वर्ष जाईल, याची मला जाणीव आहे आणि तरीही सांगतो आहे. पैशांचा निर्णय मात्र तुमचाच आहे आणि तो तुम्ही घेतलाच पाहिजे. पुढच्या शिक्षणासाठी आपण किती खर्च करू शकतो, तो आकडा त्याला आताच सांगा, धाकट्या भावंडांचा वाटा वेगळा काढून सांगा आणि त्या आकड्यात काय बसवायचे, ते त्याला ठरवू द्या.