वाचकांचे प्रश्न : एदेन नेमकं कुठल्या बाजूला?

प्रश्न : जॉन स्टाइनबेकच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’ (1952) कादंबरीत पूर्वेचे डोंगर मायाळू आहेत, पश्चिमेचे भीतीदायक. बायबलात मात्र भाऊ हाबेलला मारणारा काइन शिक्षा भोगायला एदेनच्या (ईडनच्या), म्हणजे पहिल्या माणसांच्या बागेच्या, पूर्वेला जातो. मग या कादंबरीत पूर्व चांगली की वाईट?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इथे दोन नकाशे एकात एक मिसळतात. आधी ते वेगळे करा.

पहिला कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्याचा. पूर्वेला गॅबिलान डोंगर, पश्चिमेला सांता लुसिया. सकाळ गॅबिलानवरून येते, रात्र सांता लुसियाकडून उतरते. निवेदकाची ओढ आणि धास्ती यातूनच आलेली आहे. ‘गॅबिलान म्हणजे एदेन’ असं धरून वाचलं, की शेतकरी सॅम्युएल हॅमिल्टन या पात्रापाशी अडायला होतं. किंग सिटीच्या पूर्वेकडच्या टेकड्यांतच त्याचं रान आहे, आणि ते कोरडं ठणठणीत. दुसऱ्यांच्या विहिरी खणून देणाऱ्याच्या रानात पाणी नाही!

दुसरा नकाशा अख्ख्या अमेरिकेचा आहे आणि तो बायबलाच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकाशी जुळतो. 3:24 मध्ये (अध्याय 3, वचन 24) एदेन बागेच्या पूर्वेला करूबांचा, म्हणजे देवदूतांचा, पहारा बसतो, 4:16 मध्ये काइन एदेनच्या पूर्वेस नोद देशात राहायला जातो. म्हणजे बागेपासून दूर जायचं ते पूर्वेकडे. कादंबरीचा नायक ॲडम ट्रास्क पूर्वेकडच्या कनेक्टिकटहून कॅलिफोर्नियाला येतो, काइनाच्या बरोबर उलट दिशेने, मळा फुलवायचं स्वप्न घेऊन. ॲडमच्या जिवावर उठलेला, कपाळावर काइनाच्या खुणेसारखा व्रण असलेला त्याचा भाऊ चार्ल्स मात्र पूर्वेलाच राहतो. आमच्या मते शीर्षकातली दिशा या प्रवासावरून लावावी.

पहिल्या प्रकरणातला पावसाचा हिशेबही घाईने ओलांडू नका. पाच-सहा वर्षं 19 ते 25 इंच, मग सहा-सात वर्षं 12 ते 16, आणि त्यानंतरच्या कोरड्या वर्षांत जेमतेम सात-आठ इंच. सुकाळात लोक दुष्काळ साफ विसरतात. नदीसुद्धा उन्हाळ्यात वाळूखाली जाते. ॲडमचं स्वप्न अशा जमिनीवर उभं आहे, हे लेखकाने त्याला आणण्याआधीच सांगून ठेवलंय.

प्रश्न : याच कादंबरीतल्या पात्रांच्या नावांच्या आद्याक्षरांवर किती विसंबावं?

उत्तर : ‘सी’वरून काइन (Cain), ‘ए’वरून हाबेल (Abel) ही खूण चार्ल्स-ॲडम आणि ॲडमची जुळी मुलं केलेब-ॲरन या जोड्यांत पक्की आहे. पण जुळ्यांची नावं बायबलातल्या मोशेच्या काळातली आहेत. त्या कथेत कालेब (केलेब) देवाने वचन दिलेल्या देशात पोहोचतो, अहरोन (ॲरन) पोहोचत नाही. बारशाच्या प्रसंगात हे बोलूनही दाखवलंय. त्यामुळे केलेबला नुसता काइन समजलात, तर त्याच्यासाठी उघडी ठेवलेली वाट दिसत नाही. आद्याक्षरांपेक्षा अर्पणं तपासा. बायबलात देव काइनाचं अर्पण नाकारतो. केलेब बापापुढे ठेवतो ते 15,000 डॉलर घेवड्याच्या व्यापारातले, आणि बाप ते नाकारतो. उत्पत्ती 4:3 उघडून पाहा : काइनानेही शेतातलंच पीक आणलं होतं.